सीमानाक्यावरची चिरीमिरी : कुठे मागतात, का मागतात आणि न देता पार कसं व्हायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याहून चौघं जण (नवरा-बायको, सासूबाई आणि कॉलेजात शिकणारी मुलगी) विमानाने हो चि मिन्ह सिटीला उतरणार. तिथून बसने नॉम पेन्ह, पुढे सिएम रीप, मग जमिनीवरूनच दक्षिण लाओस आणि शेवटी थायलंडमध्ये शिरून बँकॉकहून परत. वाटेतल्या नाक्यांवर बसवाले आणि इमिग्रेशनचे अधिकारी माणशी दोन-पाच डॉलर ‘वरचे’ मागतात असं सगळेच सांगतात. मग पासपोर्टात आधीच नोट घालून द्यावी का, म्हणजे वेळ वाचेल? आणि अशाच नाक्यांवरून कंपनीच्या कामासाठी जाणाऱ्यांनी काय करावं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर : नोट घालू नका. कधीच नको, कुठल्याच नाक्यावर नको.

कारणं व्यवहारातली आहेत. मागणी होण्याआधी पैसे पुढे केले की तुम्ही लुबाडले गेलेले प्रवासी राहत नाही, लाच देऊ करणारे ठरता. त्या देशाच्या कायद्याने हा तुमचा गुन्हा होतो. दुसरं, खिडकीमागचा माणूस पासपोर्टात नोट बघितली की विचार करतो, हा काय लपवतोय? साधा शिक्का मारून मोकळा होणारा माणूस मग व्हिसाचं पान बारकाईने बघायला लागतो. तिसरं म्हणजे बऱ्याच नाक्यांवर आता कॅमेरे आहेत. ज्याने एरवी काही मागितलं नसतं तोही कॅमेऱ्यासमोर स्वतःला वाचवण्यासाठी तुमच्याविरुद्ध तक्रार लिहू शकतो.

आता मुळाशी जाऊ. नाक्यावर हातातून जाणारे पैसे तीन जातींचे असतात आणि त्यांची गल्लत झाली की माणूस फसतो. पहिली जात अधिकृत फीची. व्हिसा, ट्रॅव्हल टॅक्स, वाहनाचा परवाना, सुट्टीच्या दिवशीचा ओव्हरटाइम. दुसरी जात म्हणजे खरी चिरीमिरी : तुमची कागदपत्रं चोख आहेत, तरी ‘स्टॅम्प फी’ म्हणून एक-दोन डॉलर काढले जातात. तिसरी जात सगळ्यात घातक. तुमच्याकडे खरोखरच काहीतरी कमी आहे आणि ते डोळ्याआड करण्यासाठी पैसे मागितले जातात. पहिली फी निमूट भरायची आणि पावती घ्यायची. दुसरी टाळता येते, आणि बहुतेक वेळा टळतेच. तिसरी मात्र कितीही स्वस्तात सुटका दिसली तरी द्यायची नाही. का ते पुढे सांगतो.

अधिकृत फी लाच वाटते, असं पुष्कळांचं होतं. पेट्रापोल-बेनापोलहून बांगलादेशातून परतताना तिथला ट्रॅव्हल टॅक्स भरावा लागतो. तो सोनाली बँकेत भरायचा असतो आणि त्याची पावती मिळते. दुबईहून गाडीने हत्तामार्गे ओमानला जाताना यूएईच्या नाक्यावर बाहेर पडण्याची फी घेतात, तीही अधिकृत. थायलंडमध्ये व्हिसाच्या मुदतीपेक्षा जास्त राहिलात तर दिवसाला ५०० बाट आणि जास्तीत जास्त २०,००० बाट दंड. कंबोडियात दिवसाला १० डॉलर. इथे हुज्जत घालण्यात अर्थ नाही. लाओसमध्ये शनिवार-रविवारी किंवा कार्यालयीन वेळेनंतर लहानशी जादा फी घेतली जाते. ती फलकावर छापलेली असेल आणि पावती मिळत असेल तर भरा. फलक नाही आणि पावतीही नाही, मग ती दुसऱ्या जातीची.

आता तुमच्या वाटेकडे वळतो.

हो चि मिन्ह सिटी ते नॉम पेन्ह ही बस मोक बाई (व्हिएतनाम) आणि बाव्हेत (कंबोडिया) या नाक्यांवरून जाते. इथे पैसे मागणारा पहिला माणूस अधिकारी नसतो, बसचा मदतनीस असतो. बस सुटली की तो सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करतो आणि ‘व्हिसा ३५ डॉलर’ असं सांगतो. कंबोडियाचा पर्यटक व्हिसा ३० डॉलरचा आहे. वरच्या पाचातले थोडे खिडकीवर जातात, उरलेले त्याच्या खिशात राहतात. आरटीओबाहेरचा एजंट जसा काम ‘करून’ देतो तसाच हा मामला. रांगेत उभं राहायचं नसेल तर ती सेवा म्हणून घ्या, पण सक्ती आहे असं समजू नका. यातून सुटायचा सरळ रस्ता म्हणजे कंबोडियाचा ई-व्हिसा पुण्यातूनच काढून त्याच्या दोन छापील प्रती जवळ ठेवणं. तो बाव्हेतला चालतो. मदतनीसाला प्रत दाखवायची आणि ‘आय हॅव ई-व्हिसा’ एवढंच म्हणायचं. व्हिसाचे पैसे त्याच्या हातातून जाणारच नसतील तर तो दुसऱ्या सीटकडे वळतो.

ई-व्हिसाचा अर्ज मात्र फक्त सरकारी संकेतस्थळावरून करा. शोधयंत्रात वर दिसणारी निम्मी संकेतस्थळं एजंटांची असतात आणि दुप्पट पैसे घेतात. थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्डही तसंच : १ मे २०२५ पासून ते सक्तीचं झालं, पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं आणि ते पूर्ण मोफत आहे. त्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर ती बनावट साइट आहे.

व्हिएतनामच्या ई-व्हिसाला एकदा प्रवेशाचे २५ डॉलर, अनेकदा प्रवेशाचे ५० डॉलर. तुम्ही परत हो चि मिन्हला येणार नाही, म्हणून २५ वाला पुरतो. बेत बदलून तिथूनच परतीचं विमान घेणार असाल तर आधीच ५० वाला काढा. एकदाच्या व्हिसावर पुन्हा दाराशी गेलात की तिसऱ्या जातीच्या सौद्याला आमंत्रण मिळतं. अर्जात प्रवेशाचा नाका किंवा विमानतळ निवडावा लागतो, तिथूनच आत जा.

आपल्याकडच्या लोकांना सगळ्यात जास्त अडवणारी गोष्ट म्हणजे नाव. पासपोर्टात पहिल्या नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. अर्ज भरताना लोक मधलं नाव गाळतात, कारण विमानाच्या तिकिटावर ते नसतं. व्हिसा येतो, तेव्हा कोणाचं लक्ष जात नाही, आणि नाक्यावर अधिकारी दोन कागद शेजारी धरून मान हलवतो. ही खरी त्रुटी आहे. तिथे त्याने वीस डॉलर मागितले तर तुमच्याकडे उत्तर नसतं. सासूबाईंच्या जुन्या पासपोर्टात आडनावाचा रकाना रिकामा असून पूर्ण नाव एकाच ओळीत असेल तर अर्जातही अगदी तसंच भरा. पासपोर्टाच्या फोटोच्या पानाखाली यंत्राने वाचायच्या ज्या दोन ओळी असतात, त्यांतल्या पहिल्या ओळीत आडनाव कुठे संपतं आणि नाव कुठे सुरू होतं ते स्पष्ट दिसतं. अर्ज भरताना ती ओळ समोर ठेवा. पासपोर्ट क्रमांकात एकच इंग्रजी अक्षर आणि पुढे सात आकडे असतात, म्हणून शून्याच्या जागी ‘ओ’ पडलेला नाही ना ते बघा. जन्मतारखेत दिवस आणि महिना उलटे झालेले नाहीत ना, तेही. व्हिसा हातात आल्यावर घरातल्या दुसऱ्या माणसाने तो पासपोर्टाशी अक्षर-अक्षर ताडून पाहावा. स्वतः भरलेल्या अर्जातली चूक स्वतःला दिसत नाही.

आता पैसे. चिरीमिरीचा अर्धा खेळ सुट्या पैशांचा आहे. व्हिसा ३० डॉलरचा आणि तुमच्या हातात पन्नासची नोट. खिडकीतून उत्तर येतं, ‘नो चेंज’. किंवा नोटेच्या कडेला दोन मिलिमीटरची चीर असते, ती परत येते आणि तुम्ही घाईत मोठी नोट पुढे करता. म्हणून ई-व्हिसा असला तरी माणशी एक वीसची आणि एक दहाची, अशा कोऱ्या नोटा वेगळ्या पाकिटात ठेवा. शिवाय चौघांत मिळून वीसेक एक डॉलरच्या नोटा ठेवा, त्या नेमकी अधिकृत रक्कम मोजून देण्यासाठी. घडी नको, शाईचा डाग नको, स्टेपलरचं भोक नको. पुण्यात कॅम्पातला किंवा डेक्कनवरचा अधिकृत मनी चेंजर आयत्या वेळी शंभराच्याच नोटा देतो. सुट्या नोटा हव्या असतील तर आठवडाभर आधी सांगून ठेवा. पॅन कार्ड लागतं, आणि बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला माणशी ३,००० डॉलरपर्यंतच रोख परकी चलन मिळतं. तुम्हाला तेवढं लागणारही नाही.

पैशाचं पाकीट खिडकीसमोर उघडायचं नाही, हा नियम घरातल्या सगळ्यांना आधीच सांगा. जाडजूड पाकीट दिसलं की मागणीचा आकडा वाढतो. नेमकी रक्कम आधीच मुठीत काढून ठेवायची.

पासपोर्ट आकाराचे सहा-सहा फोटो जवळ ठेवा. फोटो नसला की त्याचेही एक-दोन डॉलर लावतात. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतरही सहा महिने हवी आणि कोरी पानं किमान चार, कारण कंबोडिया आणि लाओस या दोघांचे चिकटवायचे व्हिसे प्रत्येकी अख्खं पान खातात.

आता सगळ्यात अवघड नाका. कंबोडियाच्या स्टंग ट्रेंगहून उत्तरेला ट्रपेआंग क्रिएल आणि पलीकडे लाओसचा नोंग नोक खिएन. आजूबाजूला गाव नाही, बाजार नाही. दोन्ही बाजूंना एकेक इमारत, मधे काही शे मीटरचा रस्ता आणि डोक्यावर ऊन. इथली चिरीमिरी वर्षानुवर्षं चालू आहे आणि तिची पायरी-पायरी ठरलेली आहे. आधी कंबोडियाच्या बाजूला एखादं टेबल टाकून कपाळाला थर्मामीटर लावतात आणि आरोग्य तपासणीचा एक डॉलर मागतात. तो द्यायची गरज नाही; मान हलवून पुढे चालत राहा, कोणी मागे धावत येत नाही. मग बाहेर पडायच्या शिक्क्याच्या खिडकीवर दोन डॉलर. चालत पलीकडे गेलात की लाओसच्या व्हिसाची खिडकी. तिची फी खरी आहे. खिडकीजवळ दरांचा तक्ता असेल तर त्यातल्या भारताच्या ओळीतलाच आकडा भरा. त्याच्या शेजारची खिडकी आत येण्याच्या शिक्क्याची, आणि तिथे पुन्हा दोन डॉलर. चौघांचे दोन खिडक्यांवर मिळून सोळा डॉलर होतात.

हे एवढं टिकून राहण्यामागे वेळ हे कारण आहे. सीमेपर्यंत आणणारी व्हॅन तिथेच परत फिरते आणि पलीकडची दुसरी व्हॅन ठरावीक वेळी निघते. तुम्ही अडून बसलात की अधिकारी तुमचा पासपोर्ट बाजूला सरकवून मागच्यांची कामं करत बसतो. त्याला घाई नसते, तुम्हाला असते. त्यातून व्हॅनमधले बाकीचे प्रवासी ‘देऊन टाका ना दोन डॉलर’ म्हणून तुमच्यावरच चिडतात. अधिकाऱ्याच्या हातात तुमची पुढची गाडी चुकवण्याएवढीच ताकद आहे. ती काढून घेतली की त्याच्याकडे काही उरत नाही.

म्हणून त्या दिवसाचा बेत उलट्या बाजूने आखा. त्या रात्रीचा मुक्काम नाक्यापासून जवळ ठेवा. लाओसच्या बाजूला मेकाँगमधल्या बेटांचा सी फान दोन हा भाग आहे, तिथल्या दोन देत किंवा दोन खोनला मुक्काम करा, पुढच्या पाक्से शहरात नको. नाक्यावर सकाळी पोहोचा; संध्याकाळी नाका बंद होतो आणि दुपारनंतर प्रत्येक मिनिट त्यांच्या बाजूने जातं. पलीकडच्या व्हॅनचं तिकीट आधी काढू नका, किंवा काढलं तर ती चुकली तरी चालेल अशा हिशेबाने काढा. प्रत्येकाकडे दोन लिटर पाणी, खाकरे-चिवडा असं काहीतरी, सासूबाईंची औषधं हाताशी आणि बसायला घडीचं स्टूल. आणि रांगेत लागण्याआधी व्हॅनमधल्या इतरांशी बोला. पाच-सहा जणांनी मिळून नकार दिला की बहुतेक वेळा दहा-पंधरा मिनिटांत प्रश्न मिटतो, कारण पुढची व्हॅन येऊन ठेपते आणि खिडकीला गर्दी नको असते.

नकार कसा द्यायचा, हे महत्त्वाचं आहे. आवाज चढवायचा नाही. ‘ब्राइब’, ‘करप्शन’ हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. ते ऐकले की समोरच्याला मागे हटायला जागा उरत नाही. हसतमुखाने एकच वाक्य : ‘रिसीट प्लीज.’ पावती द्यायला तो तयार नसेल, आणि बहुधा नसतोच, तर ‘ओके, आय विल वेट’ म्हणून खिडकीपासून दोन पावलं बाजूला सरायचं आणि त्याला दिसेल असं बसून राहायचं. फोन बाहेर काढायचा नाही. इमिग्रेशनच्या आवारात चित्रीकरणाला मनाई असते आणि तुमची बाजू खरी असूनही फोन जप्त होऊ शकतो. पासपोर्ट हिसकावून घ्यायचा नाही. पण नजरेआडही होऊ द्यायचा नाही. तो दुसऱ्या खोलीत नेला तर नम्रपणे विचारायचं, कुठे नेताय आणि कोणाकडे. चौघांपैकी बोलणारा एकच असावा. दोघं-तिघं एकदम बोलू लागली की अधिकाऱ्याला वादाचं निमित्त मिळतं. मुलीने थट्टेने एखादी मराठी टिप्पणी केली तरी सूर कळतो, तेव्हा तिलाही आधी सांगून ठेवा.

किती वेळ थांबायचं? तब्येतीने धडधाकट प्रवाशाने तासभर थांबायला हरकत नाही. पण सासूबाईंना उन्हाने चक्कर आली, किंवा नाका बंद व्हायला आला आणि पासपोर्ट आतच आहे, तर दोन डॉलर देऊन निघा आणि मनाला लावून घेऊ नका. ती लाच नव्हे, खंडणी आहे; अडवून घेतलेले पैसे आहेत. फक्त मागणी त्याच्या तोंडून स्पष्ट होऊ द्या, आकडा तुम्ही सुचवू नका, चौघांचे एकत्र न देता एकेकाचे द्या. बाहेर आल्यावर तारीख, वेळ, खिडकी आणि गणवेशावर दिसलेला बिल्ला क्रमांक लिहून ठेवा.

लाओसमधून पुढे थायलंडला वांग ताओ-चोंग मेक या नाक्यावरून जाणार असाल तर तिथला त्रास कमी आहे. थायलंडला तुम्ही व्हिसा-मुक्त जात असाल तर दोन गोष्टी जवळ ठेवा : माणशी २०,००० बाट किंवा तेवढ्या मोलाचं चलन दाखवता आलं पाहिजे आणि परतीच्या विमानाचं छापील तिकीट हवं. जमिनीवरून व्हिसा-मुक्त प्रवेश कॅलेंडर वर्षात दोनदाच, असाही नियम आहे. जाण्याच्या महिन्यात भारतीयांसाठीची सवलत आणि मुदत पुन्हा तपासा, ती बदलत असते.

सिएम रीपहून थेट पोइपेत-अरण्यप्रथेत या नाक्यावरून बँकॉक गाठायचा विचार कोणी सुचवला तर सावध राहा. थायलंड-कंबोडिया सीमेवरची नाकी २०२५ च्या जूनपासून बंद झाली आणि जुलैत तिथे लढाई झाली. ती उघडली आहेत याची सरकारी बातमी स्वतः पाहिल्याशिवाय त्या बाजूचं तिकीट काढू नका. नाका चालू असताना तिथली नेहमीची फसवणूक म्हणजे थायलंडकडून कंबोडियात जाणाऱ्याला टुकटुकवाला नाक्याआधीच ‘वकिलातीत’ नेतो आणि तिथे कंबोडियाच्या व्हिसासाठी जादा बाट उकळले जातात. ती वकिलात बनावट असते.

आता तिसऱ्या जातीविषयी, म्हणजे त्रुटी झाकण्यासाठी दिलेल्या पैशांविषयी. समजा थायलंडमध्ये तुमचा मुक्काम चार दिवस जास्त झाला. अधिकृत दंड २,००० बाट. अधिकारी म्हणतो, हजार दे, पावती नको. स्वस्त वाटतं. पण आत आल्याचा आणि बाहेर पडल्याचा असे दोन्ही शिक्के पासपोर्टात आणि संगणकात तारखांसह राहतात, मधे दंड भरल्याची नोंद मात्र कुठेच नाही. पुढच्या वेळी बँकॉक विमानतळावर कोणी ते पान उघडलं की तुमच्याकडे दाखवायला काही नसतं. दंड पूर्ण भरा आणि त्याची पावती त्या पासपोर्टची मुदत संपेपर्यंत जपा.

याच जातीतला आणखी एक प्रकार पुण्यातल्या सफारीप्रेमींना नेमका भोवतो. केनियातून टांझानियात नमांगा किंवा इसेबानिया-सिरारी या नाक्यांवरून जाताना यलो फीवरचं पिवळं कार्ड, म्हणजे त्या रोगाची लस घेतल्याचं प्रमाणपत्र, मागतात. केनिया त्या रोगाच्या जोखमीच्या देशांत मोडतो, म्हणून टांझानियाची ही मागणी कायदेशीर आहे. कार्ड नसेल तर ‘वीस डॉलर द्या आणि चला’ असं सांगणारे भेटतात. दिलेत तरी तुमची खरी अडचण पुढे मुंबईच्या विमानतळावर आहे : जोखमीच्या देशातून वैध कार्डाशिवाय येणाऱ्याला भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, प्रमाणपत्र लस घेतल्याच्या दहाव्या दिवसापासून वैध होतं आणि २०१६ पासून ते जन्मभर चालतं. एकदा घ्या आणि विषय संपवा. तिकडे जुन्या छपाईच्या डॉलर नोटा बऱ्याचदा घेत नाहीत, हेही लक्षात ठेवा. आणि शंभर डॉलरचा जो ईस्ट आफ्रिका व्हिसा आहे तो केनिया, युगांडा, रवांडा या तिघांपुरताच आहे. त्याच्या भरवशावर टांझानियाच्या दारात जाऊन उभे राहणारे नेहमी असतात.

बुलेट घेऊन नेपाळ-भूतानला जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. सुनौली-भैरहवा किंवा रक्सौल-वीरगंजवर माणसाला व्हिसा लागत नाही, पण गाडीचा भन्सार, म्हणजे कस्टमचा परवाना, दिवसांच्या हिशेबाने काढावा लागतो. फॉर्म भरून देणारे दलाल आत शिरतानाच गाठतात. फॉर्म सोपा आहे, स्वतः भरा. मूळ आरसी, लायसन्स, विमा, पीयूसी जवळ हवं. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याचं अधिकारपत्र. परवाना बेतापेक्षा दोन-तीन दिवस जास्तच काढा, कारण दरड कोसळून रस्ता अडला की मुदत उलटते आणि मग तुम्ही परत नाक्यावर सौदा करायला मोकळे. ती भन्सारची पावती बाहेर पडेपर्यंत गाडीत नाही, अंगावर ठेवा. ओळखपत्र म्हणून पासपोर्ट किंवा मतदार कार्ड. आधार फक्त १५ वर्षांखालच्यांना आणि ६५ वर्षांवरच्यांना नेपाळसाठी चालतं. चाळिशीतला माणूस आधार पुढे करतो आणि स्वतःहून त्रुटी तयार करतो. भूतानमध्ये भारतीयांना शाश्वत विकास शुल्क माणशी रात्रीला १,२०० रुपये आहे. ते अधिकृत आहे, पावतीने भरायचं. भूतानच्या सीमेवरच्या फुंटशोलिंगला वर काही मागितलं जाण्याचे प्रसंग विरळा.

कायद्याचं आता. भारताच्या बाजूच्या नाक्यांवर, म्हणजे पेट्रापोल, रक्सौल, जोगबनी वगैरे ठिकाणी, भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ लागू आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर कलम ८ नुसार लाच देणं हाही गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. मात्र ज्याला सक्तीने द्यावी लागली त्याने सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं तर त्याला संरक्षण मिळतं. हे सात दिवस फार लोकांना माहीत नसतात. इमिग्रेशनचे कर्मचारी केंद्राचे असल्याने तक्रार सीबीआयच्या लाचलुचपत शाखेकडे किंवा केंद्राच्या सीपीग्राम्स या तक्रार पोर्टलवर करायची. महाराष्ट्र लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक राज्याच्या कर्मचाऱ्यांसाठी उपयोगाचा आहे. परदेशी अधिकाऱ्याने पासपोर्टच अडकवून ठेवला तर त्या देशातली आपली वकिलात आणि परराष्ट्र खात्याचं मदद पोर्टल. दोन डॉलरसाठी वकिलात काही करणार नाही, पण पासपोर्टसाठी नक्की करते. नॉम पेन्ह आणि व्हिएंतियान, दोन्हीकडच्या वकिलातींचे तातडीचे क्रमांक कागदावर लिहून न्या. नाक्यावर नेटवर्क मिळेलच असं नाही.

राहिला कंपनीच्या कामाचा प्रश्न. हिंजवडी-चाकणमधल्या बऱ्याच कंपन्यांची मालकी किंवा गिऱ्हाईक ब्रिटन-अमेरिकेतलं असतं, आणि तिथे हे दोन डॉलर लहान राहत नाहीत. ब्रिटनच्या २०१० च्या ब्राइबरी अॅक्टमध्ये अशा ‘काम लवकर व्हावं म्हणून दिलेल्या’ छोट्या रकमेला कुठलीही सूट नाही. अमेरिकेच्या १९७७ च्या एफसीपीए या लाचविरोधी कायद्यात नेहमीच्या सरकारी कामाला गती देणाऱ्या रकमेसाठी अरुंद सूट आहे, पण हिशेबवहीत ती जशी आहे तशी लिहिलेली असली पाहिजे. म्हणून खर्चाच्या फॉर्मवर ‘किरकोळ प्रवासखर्च’ असं लिहून ती आत सरकवणं ही सर्वांत वाईट वाट. देणं एकवेळ क्षम्य ठरेल, खोटी नोंद ठरणार नाही. कंपनीचं धोरण निघण्याआधी वाचा. जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका असताना दिलेल्या रकमेची मुभा बहुतेक धोरणांत असते, पण अट अशी की त्याच दिवशी कंप्लायन्सला, म्हणजे कंपनीच्या नियमपालन विभागाला, लेखी कळवायचं : कुठे, केव्हा, किती, कोणी मागितले, न दिल्यास काय झालं असतं. एजंटामार्फत व्हिसा काढला असेल तर त्याच्या बिलात ‘बॉर्डर असिस्टन्स’ अशी मोघम ओळ आहे का तेही बघा. असेल तर त्याची फोड मागा. एजंटाने तुमच्या वतीने दिलेले पैसे कायद्याच्या नजरेत तुम्हीच दिलेले असतात.

शेवटची पायरी प्रत्येक नाक्यावर सारखीच आहे आणि घाईत तीच राहून जाते. पासपोर्ट हातात आला की खिडकी सोडण्याआधी पान उघडा. प्रवेशाचा शिक्का आहे का, तारीख आजचीच आहे का, राहण्याची मुदत कुठपर्यंत लिहिली आहे, हे तिन्ही बघा. बसच्या मदतनीसाने गठ्ठ्याने परत आणलेल्या पासपोर्टांत एखादा शिक्का राहिलेला असू शकतो, आणि तो नसेल तर पुढच्या नाक्यावर तुम्ही त्या देशात आलातच नव्हता असं होतं. बस चालू झाल्यावर लक्षात आलं तरी थांबवा, उतरा आणि चालत परत जा. चौघांचे चारही पासपोर्ट एकाने नाही, ज्याचे त्याने बघावेत.